निळ्या लाईनवरचं सिंगापूर: दोन दिवसांची आखणी

दोन दिवसांसाठी सिंगापूरला जाणारे बरेच जण पहिली चूक घरी बसूनच करतात. सेंटोसा, युनिव्हर्सल, नाइट सफारी, शिवाय ऑर्चर्ड रोडची खरेदी, अशी यादी होते. ते सगळं चांगलं आहे, पण त्याला चार-पाच दिवस हवेत. शनिवार-रविवारात ते कोंबलं की निम्मा वेळ रांगेत जातो. आणि चिनी, मलय, तमिळ वस्त्या एकमेकींना खेटून कशा उभ्या आहेत, हे बघायचं राहूनच जातं. त्याला तर तिकीटही लागत नाही. इथे दिलेली आखणी फक्त तेवढ्यासाठी आहे.

एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो. तिच्या नकाशावर निळी डाउनटाउन लाईन शोधा. लिटल इंडिया, रोचोर, बुगिस, प्रोमेनाड, बेफ्रंट, डाउनटाउन, तेलोक आयर, चायनाटाउन ही आठ स्टेशनं ओळीने येतात आणि दोन दिवसांत बघायचं जवळपास सगळं ह्यांच्या आसपास आहे. म्हणून हॉटेल बुगिस, रोचोर किंवा लिटल इंडियाच्या पायी अंतरावर घ्या. बुक करताना खोलीला खिडकी आहे का ते वाचा. स्वस्त हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्या सर्रास असतात आणि फोटोत ते कळत नाही. गेलांग भागात भाडं कमी दिसतं, पण तिथल्या काही गल्ल्या वेश्यावस्तीच्या आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर तिकडे नको.

निघण्याआधी

मुंबईहून थेट विमानाला साधारण साडेपाच तास लागतात आणि तिथलं घड्याळ अडीच तास पुढे आहे. शुक्रवारी रात्री साडेअकराच्या सुमाराला निघालात तर शनिवारी सकाळी साडेसातला पोचता. सकाळचं विमान घेतलं तर ह्या अडीच तासांमुळे शनिवारचा दिवस गेलाच म्हणून समजा. परतीला उलट फायदा होतो: रविवारी रात्री आठला निघून अकराच्या आसपास मुंबईत, सोमवारी कामावर.

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटामार्फत काढतात. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर, वर एजंटाचे पैसे. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणि गेल्या तीन महिन्यांतला असावा. जुन्या फोटोमुळे अर्ज परत येतात. प्रवासाआधी तीसेक दिवसांच्या आत अर्ज करा, पण शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

व्हिसा मिळाला म्हणजे झालं, असं नाही. एसजी अरायव्हल कार्ड हा वेगळा ऑनलाइन फॉर्म आहे. पोचण्याच्या दिवसासह शेवटच्या तीन दिवसांतच तो भरता येतो आणि तो फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे.

आता बॅग. च्युइंगगम, ई-सिगारेट, गुटखा आणि तंबाखू घरीच ठेवा. साध्या सिगारेटलाही सवलत नाही, एक पाकीट असलं तरी जाहीर करून शुल्क भरावं लागतं. आपल्या लोकांना गोत्यात आणू शकणारी आणखी एक गोष्ट म्हणजे खसखस. तिच्यावर तिथल्या अमली पदार्थ विभागाचं नियंत्रण आहे. नातेवाइकांसाठी डब्यात अनारसे घालणार असाल तर तो बेत सोडा, चकली-चिवडा न्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा झोपेच्या गोळ्या न्यायच्या असतील तर आधी परवानगी लागते का ते तपासा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असू द्या. प्लग चौकोनी तीन पिनांचा आहे, आपला तिथे बसत नाही.

कार्ड आणि सुटे पैसे

एमआरटीत आणि बसमध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट टेकवता येतं. अडचण अशी की आपल्या बँका परदेशातला कॉन्टॅक्टलेस व्यवहार बऱ्याचदा बंद ठेवतात, आणि फाटक उघडत नाही तेव्हा मागे रांग साचलेली असते. मुंबईतूनच बँकेच्या ॲपमध्ये तो सुरू करा. प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड हवं. एकाच कार्डावर दोघं आत जाऊ शकत नाहीत. ज्या कार्डाने आत गेलात त्यानेच बाहेर पडा, नाहीतर जास्त भाडं कापलं जातं. फोनने आत आणि कार्डाने बाहेर हीसुद्धा तीच चूक. परदेशी कार्डावर वापराच्या दर दिवशी ६० सेंट अधिक लागतात. दोन दिवसांचा हिशेब करता हे तिथल्या ईझेड-लिंक ह्या प्रवासाच्या प्रीपेड कार्डापेक्षा स्वस्त पडतं, कारण त्या कार्डाच्या किमतीतले ५ डॉलर परत मिळत नाहीत.

खाण्याच्या टपऱ्यांवर परदेशी कार्ड चालेलच असं नाही. माणशी ४०-५० डॉलर सुट्या नोटांत ठेवा. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे अशा टपऱ्या एका छपराखाली असतात तिथे, एक ताट ५ ते ८ डॉलरला मिळतं. हॉटेलच्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के जीएसटी वरून लागणार असं समजा. त्यावर टिप देऊ नका, तिथे तशी पद्धत नाही.

शनिवार

चांगी विमानतळावरून बुगिसला जायचं असेल तर ताना मेराह स्टेशनला हिरवी लाईन पकडा. लिटल इंडिया किंवा रोचोरला जायचं तर एक्स्पोला निळी लाईन घ्या. ती थोडा वेळ जास्त खाते, पण बॅगा घेऊन पुन्हा बदलावी लागत नाही. खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही, तेव्हा बॅगा काउंटरवर ठेवून दहाच्या आत बाहेर पडा. हिंदू देवळं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात आणि संध्याकाळीच उघडतात. दोन्ही दिवसांचा क्रम ह्या एका गोष्टीवरून लावलेला आहे.

आधी वॉटर्लू स्ट्रीट. क्वान इम थोंग हूड चो हे चिनी देऊळ आणि १८७० चं श्रीकृष्ण मंदिर तिथे जवळजवळ भिंतीला भिंत लावून आहेत. कृष्णाच्या दारापाशी जरा थांबा. चिनी आजीबाई शेजारी देवीसमोर नमस्कार करून येतात आणि इथल्या धूपदाणीतही उदबत्त्या खोचतात. दोन्ही हात जोडून तीन वेळा वाकतात, मग पिशवी उचलून भाजीला गेल्यासारख्या निघून जातात. कुणाला त्याचं नवल वाटत नाही. क्वान इमच्या देवळात लोक बांबूच्या काड्यांचा डबा हलवून कौल लावतात. तो खडखडाट रस्त्यापर्यंत ऐकू येतो. आत फोटो काढायचे नाहीत. त्याच रस्त्यावर १८७८ चं मगेन अबोथ हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. मुंबईचे ससून ज्या बगदादी ज्यूंपैकी, त्याच समाजाचं. शनिवार त्यांचा शब्बाथ, म्हणून बाहेरूनच बघा.

अकराच्या सुमाराला कांपोंग ग्लाम ह्या मलय वस्तीतल्या सुलतान मशिदीकडे चालत जा, दहा-बारा मिनिटं लागतात. पर्यटकांना शनिवार ते गुरुवार सकाळी दहा ते बारा आणि दुपारी दोन ते चार प्रवेश असतो, शुक्रवारी नाही. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. नसतील तर दारात झगा मिळतो. आजची इमारत १९३२ ला पुरी झाली. सोनेरी घुमटाच्या बुडाशी एक काळपट चमकणारा पट्टा आहे, तो नीट पाहा. ते काचेच्या बाटल्यांचे तळ आहेत. श्रीमंतांनी पैसे दिले, गरिबांनी बाटल्या. बुसोरा स्ट्रीटवरून मान वर केली की उन्हात एकेक तळ वेगळा दिसतो.

जेवण जवळच करा. मांसाहारी असाल तर मशिदीसमोरच्या नॉर्थ ब्रिज रोडवर मुर्तबक, म्हणजे खिमा-अंडं भरून घडी घातलेली पोळी. शाकाहाऱ्यांनी मिडल रोडवरच्या फॉर्च्युन सेंटरला जावं, तिथे शाकाहारी दुकानं पुष्कळ आहेत. जेवून खोलीवर जा आणि खुशाल झोपा. दुपारचं ऊन आणि दमट हवा रात्रभर विमानात बसलेल्या माणसाला आडवं करतेच, शिवाय दुपारी गडगडाटी सरही बरेचदा ह्याच वेळी येते.

संध्याकाळी सहाला लिटल इंडिया. सेरंगून रोडवरचं वीरमाकाळी अम्मनचं देऊळ तेव्हा उघडलेलं असतं. शनिवार-रविवार ह्या भागात उघड्यावर दारू पिण्यास पूर्ण बंदी आहे, हातात बिअरचा डबा घेऊन फिरू नका. साडेसातच्या आत ट्रेन पकडून बेफ्रंटला उतरा. आठ वाजता मरिना बे सँड्सच्या पुढ्यात पाण्यावरचा प्रकाशाचा खेळ असतो, साधारण पंधरा मिनिटांचा. तो संपला की हॉटेल ओलांडून गार्डन्स बाय द बेच्या सुपरट्री झाडांखाली चालत या. तिथला दुसरा खेळ पावणेनऊचा. दोन्ही फुकट. पावणेआठचा खेळ धरायला गेलात तर देवळातून धावतपळत निघावं लागतं.

रविवार

आठ वाजता तेलोक आयर स्टेशन. नावाचा अर्थ पाण्याची खाडी. भराव घालण्यापूर्वी समुद्र ह्याच रस्त्याला टेकत असे, आणि जहाजातून उतरलेला माणूस सुखरूप पोचल्याबद्दल इथेच आपापल्या देवाचे आभार मानी. म्हणून होक्किएन ह्या चिनी समाजातल्या खलाशांचं थियान होक केंग देऊळ आणि तमिळ मुसलमानांचा नागोर दर्गा एकाच बाजूला काही पावलांवर आहेत. देऊळ १८३९ ते १८४२ मध्ये बांधलं, देवी समुद्राची. लाकडी सांधे खिळ्यांशिवाय बसवलेले आहेत, छताच्या कोपऱ्यांत बघा.

अ‍ॅन सियांग टेकडी ओलांडून साऊथ ब्रिज रोडला या. १८२७ चं श्री मारिअम्मन मंदिर हे सिंगापुरातलं सगळ्यात जुनं हिंदू देऊळ, आणि ते चायनाटाउनच्या पोटात आहे. ह्याच्या गोपुराला लोक पॅगोडा म्हणत, म्हणून शेजारची गल्ली पॅगोडा स्ट्रीट. चुलिया, म्हणजे तमिळ मुसलमानांच्या जामे मशिदीवरून पुढची मॉस्क स्ट्रीट. चिनी वस्तीतल्या दोन गल्ल्यांची नावं अशी तमिळ माणसांमुळे पडली आहेत. थोडं पुढे बुद्धाच्या दाताचं देऊळ. ते २००७ मध्ये उघडलं, भव्य आहे, पण वेळ कमी पडला तर हेच गाळा.

समोरच मॅक्सवेल फूड सेंटर. अकराला पोचा, बारानंतर टेबल मिळणं मुश्किल. टेबलावर टिशूचं पाकीट पडलेलं दिसलं तर ती जागा धरलेली आहे, तिथे बसू नका. तुम्हीही तसंच करा. विक्रेत्याला अंकल, बाईंना आंटी म्हणायचं. जेवण झाल्यावर ट्रे ठरलेल्या जागी नेऊन ठेवणं सक्तीचं आहे.

चहा-कॉफीची भाषा शिकून जा. नुसतं 'कोपी' म्हटलं की कंडेन्स्ड दूध घातलेली गोड कॉफी येते. 'कोपी ओ' काळी पण साखरेची, 'कोपी सी' बिनसाखरी आटवलेल्या दुधाची, त्यात साखर वेगळी घालतात. 'कोसोंग' जोडलं की साखर नाही, 'स्यू दाय' म्हणजे कमी गोड, 'पेंग' म्हणजे बर्फ घालून. चहासाठी कोपीच्या जागी 'ते' म्हणा. आल्याचा चहा हवा असेल तर 'ते हालिया'. तो बहुधा भारतीय मुसलमानांच्या दुकानात मिळतो.

शाकाहाऱ्यांसाठी 'नो मीट' एवढं पुरेसं नाही. संबळ ह्या मिरचीच्या चटणीत आंबवलेली कोळंबी असते, लक्सा ह्या नूडल्सच्या रश्श्यात सुकी कोळंबी, भाज्यांवर कालवांचा ऑयस्टर सॉस. रोटी पराठ्याबरोबर बहुतेकदा माशाची आमटी येते, तेव्हा डाळ मागून घ्या. काया टोस्टवरचा नारळाचा मुरंबा अंड्याचा असतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची सोय मात्र अनपेक्षित ठिकाणी होते: चिनी बौद्धांच्या शाकाहारी टपऱ्या परंपरेने कांदा-लसूण टाळतात. जैनांनी कंदमुळांचं तेवढं विचारावं.

मॅक्सवेलला जमलं नाही तर दुपारचं जेवण लिटल इंडियात करा. चायनाटाउनहून तिकडे जाताना निळी लाईन सोडून जांभळी घ्या, तीनच स्टेशनं आहेत. मधलं धोबी घाट. नाव आपलंच आहे. सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासूनचं, केळीच्या पानावर वाढतात. नंतर कॅम्पबेल लेनवरचं इंडियन हेरिटेज सेंटर हे संग्रहालय किंवा मुस्तफा ह्या भल्यामोठ्या दुकानातली खरेदी, दोन्हींपैकी एक. मुस्तफात शिरलात तर घड्याळ लावून शिरा, मजले आणि बोळ इतके आहेत की दोन तास कधी गेले कळत नाही.

आठच्या विमानासाठी चारला हॉटेल सोडा. ट्रेनमध्ये खाऊ-पिऊ नका, पाण्याची बाटलीसुद्धा उघडू नका. दंड ५०० डॉलरपर्यंत आहे. एका दुकानात १०० डॉलरच्या वर खरेदी झाली असेल आणि दुकान त्या योजनेत असेल तर जीएसटी परत मिळतो, फक्त खरेदीच्या वेळी मूळ पासपोर्ट दाखवलेला हवा. ते काम विमानतळावर बॅग चेक-इन करण्याआधी उरका. वस्तू तपासायला मागतात, आणि तोवर बॅग पट्ट्यावरून आत गेलेली असली तर परतावा हुकतो.