एकच पाकीट दोनदा विकलं गेलं: हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये रेडिओ टॅगचं काम शिकताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी पाच वर्षं रेडिओ टॅगचं, म्हणजे आरएफआयडीचं काम केलं: मालावर चिप असलेले टॅग लावायचे आणि रीडर नावाच्या यंत्राने ते लहरींवर दुरून वाचून माल कुठं गेला ते पाहायचं. अमरावती विद्यापीठाचं बीसीए झालेलं, घरी कापूस आणि तूर, आईचे गुडघे दुखणारे. पुण्याला जाणं लांबत गेलं आणि ही नोकरी मिळाली. आता नागपुरात क्लेम, म्हणजे हॉस्पिटलं विम्याकडे आणि योजनांकडे मागतात ते पैसे, तपासायच्या कामाला आहे. वर्षभरात आपल्याकडच्या बऱ्याच पोरांनी फोन करून विचारलं, दादा या कामात नेमकं काय करावं लागतं, कोणता कोर्स करू? दर वेळी तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

कोर्सचं नंतर पाहू. रुजू झालात की पहिले आठ दिवस रीडरला हात लावू नका. स्टोअरमध्ये स्टूल घेऊन बसा आणि माल कसा फिरतो ते पाहा. इंडेंट, म्हणजे मालाची मागणी, कोण लिहितं, रात्री स्टोअर बंद असताना वॉर्ड कुठून सामान आणतो, आयसीयूने जनरल वॉर्डकडून उसने नेलेले आयव्ही सेट परत येतात की नाही, हे सगळं वहीत उतरवा. मी हे केलं नाही. पुण्याहून आलेल्या व्हेंडरच्या, म्हणजे यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीच्या, माणसासोबत पहिल्याच दिवशी दारावर अँटेना ठोकले. संध्याकाळी स्क्रीनवर इंट्राकॅथचा, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालायच्या सुईनळीचा, आकडा आला ४,६००. शेल्फवर होते साठ. रीडर समोरचा एकच टॅग सेकंदाला कितीतरी वेळा वाचतो. मी वाचनं मोजत बसलो होतो, वस्तू मोजल्याच नव्हत्या. स्टोअरकीपर काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "काहून रे, तुही मशीन एकच बैल दहा खेपा मोजून रायली का?" पुढं वर्षभर स्टोअरमध्ये माझं नाव 'बैलवाला' होतं.

आता टॅग कशासाठी, बारकोड काय वाईट होता, हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. पाकिटावरचा छापील बारकोड बहुतेक वेळा माल कोणता आणि बॅच कोणती एवढंच सांगतो. एका बॅचच्या दोन पाकिटांवर एकच कोड असतो. टॅगच्या चिपमध्ये मात्र दोन नंबर असतात. एक आपण लिहितो, साधारण ९६ बिटांचा, आणि दुसरा कारखान्यातच कोरलेला, जो नंतर बदलता येत नाही. म्हणजे 'तसलं पाकीट' आणि 'हेच पाकीट' यातला फरक टॅगला कळतो. बिलातली लबाडी पकडायची सगळी गंमत या 'हेच'मध्ये आहे. टॅगला बॅटरी नसते, रीडरच्या लहरींवरच तो जागा होतो, म्हणून साधा कागदी टॅग काही रुपयांत येतो. खर्च रीडरचा. पण आठ रुपयांच्या सिरिंजवर टॅग लावायला जाऊ नका. महाग आणि खिशात मावेल असा माल आधी घ्या.

लहरींचंही एक लक्षात ठेवा. आपल्याकडे या कामासाठी ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा परवान्याशिवाय खुला आहे. २००५ पासून तो ८६५ ते ८६७ होता, अलीकडे ८६८ पर्यंत वाढवला. स्वस्तात आणलेला रीडर कधी कधी अमेरिकेच्या ९०२ ते ९२८ वर लावलेला येतो, आणि तिथं आपल्याकडे मोबाइल कंपन्यांचा वावर आहे. खोकं उघडल्याबरोबर सेटिंगमध्ये देश कोणता आहे ते बघा.

पुढचे तीन महिने माझं भांडण पाणी आणि पत्र्याशी होतं. पाणी या लहरी शोषून घेतं, धातू परत फेकतो. सलाईनच्या बाटल्यांची ट्रॉली दारातून गेली की अर्ध्याअधिक बाटल्या दिसतच नसत. शेवटी बाटलीचा नाद सोडला आणि खोक्यावर टॅग लावला. टाक्यांच्या धाग्याची पाकिटं आतून फॉइलची, त्यांच्यावर सपाट टॅग लावला तर तो मुका होतो. टॅगचं एक टोक झेंड्यासारखं बाहेर काढून ठेवलं तेव्हा ती वाचली जाऊ लागली. लोखंडी कपाटाचं दार बंद केलं की आतला सगळा माल गायब. सिस्टर डबा छातीशी धरून गेल्या तरी गायब, कारण माणूसही बराचसा पाणीच. याच्या उलटही झालं. रीडरचा जोर पूर्ण ठेवला म्हणून भिंतीपलीकडच्या लेबर रूममधला माल स्टोअरमध्ये जमा दिसू लागला. मग जोर कमी करत, अँटेना वाकवत, हातात एक टॅग घेऊन मी दारात नाचायचो. मावशी हसायच्या.

लोडशेडिंगने वेगळीच मजा केली. वीज गेली की आमच्या रीडरचं घड्याळ विसरायचं आणि नेट येईपर्यंत १ जानेवारी १९७० दाखवायचं. महिनाअखेरीच्या अहवालात सव्वातीनशे वस्तू १९७० साली वॉर्डात गेलेल्या. तेव्हा त्या जागेवर पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं वावर होतं. हसण्यावारी नेऊ नका. बिलाच्या भांडणात वेळ हाच पुरावा असतो, आणि वेळ चुकली की सगळी नोंद फेकून द्यायच्या लायकीची. आधी रीडरला छोटा यूपीएस द्या, मग बाकीचं.

आता मूळ गोष्ट.

हॉस्पिटलच्या आवारात मेडिकल होतं. ऑपरेशन ठरलं की नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी येते. सिझर असेल तर धागे, ग्लोव्ह्ज, आयव्ही सेट, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, युरोबॅग म्हणजे तिची पिशवी. माणूस धावत जाऊन आणतो आणि ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दारातून आत देतो. आत काय लागलं, काय उरलं, हे त्याला कोण सांगणार? उरलेलं परत यायला हवं आणि बिलातून वजा व्हायला हवं. आम्ही धागे आणि कॅथेटरवर टॅग लावले तेव्हा माझ्या डोक्यात हे काहीच नव्हतं. स्टॉक जुळावा एवढीच इच्छा.

दुसऱ्याच महिन्यात मेडिकलच्या काउंटरवर लाल ओळी येऊ लागल्या. 'विकलेली वस्तू पुन्हा विक्रीस.' व्हेंडरच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, दुहेरी वाचन असेल, फिल्टर लावा, ओळी जातील. बैलाचा अनुभव ताजा होता, मला पटलंही. फिल्टर लावणारच होतो, पण दोन वाचनांमधलं अंतर पाहिलं. दुहेरी वाचन सेकंदाच्या आत होतं. इथं नऊ दिवस, बारा दिवस, एक तर एकवीस दिवसांचं अंतर. कारखान्यात कोरलेले नंबर ताडून पाहिले. तेच. एकच पाकीट दोन वेगळ्या बायांच्या बिलात. महिन्याभरात अशी तेवीस पाकिटं.

काकांना दाखवलं. ते म्हणाले, "पहिले परतीची वही पाय." वही पाहिली. आठ महिन्यांत एकही परतीची नोंद नाही. इतकी ऑपरेशनं झाली आणि एक धागासुद्धा उरला नाही?

इथं मी दुसरी चूक केली. थेट ओटीच्या सिस्टरांना विचारलं, आणि विचारण्याचा सूर पोलिसासारखा होता. त्या बोलायच्याच बंद झाल्या. चार दिवसांनी चहाच्या वेळी त्यांनीच कपाटातला एक डबा काढून समोर ठेवला. उरलेले धागे, कॅथेटर, दोन-तीन अँटिबायोटिकच्या बाटल्या. रात्री-बेरात्री पारध्यांच्या बेड्यावरून किंवा कोलामांच्या पोडावरून, म्हणजे त्यांच्या वस्तीवरून, बाई येते, सोबतच्या माणसाच्या खिशात पन्नास रुपये, तेव्हा या डब्यातून सामान काढतात. "आम्ही विकत नाही रे बाबा," त्या म्हणाल्या, "पण लिहायचं कुठं?" खरंच, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये असं सामान लिहायला रकानाच नव्हता.

म्हणजे ओटीतून माल दोन वाटांनी जात होता. एक त्या डब्यात, आणि दुसरी मागच्या दाराने पुन्हा काउंटरवर. पहिल्या वाटेच्या टॅगची विक्री एकदाच दिसायची आणि मग तो हरवायचा. दुसऱ्या वाटेचा पुन्हा विक्रीत उगवायचा. हे वेगळं काढलं नसतं तर सगळा आळ सिस्टरांवर गेला असता. पुढं ट्रस्टने परतीची नोंद सक्तीची केली, डब्याला स्वतःचा कोड दिला, आणि काउंटरवरचा माणूस दुसरीकडे हलवला. तक्रार, चौकशी वगैरे काही झालं नाही. तेवीसपैकी नऊ घरांना पैसे परत गेले, बाकीच्यांचे फोन लागले नाहीत असं सांगण्यात आलं. मी दोन गावं सांगितली, माझ्या रस्त्यावरचीच होती. कोणी गेलं नाही. मी जायला हवं होतं. मीही गेलो नाही.

सरकारी योजनेच्या रुग्णांचं गणित निराळं, आणि आपल्या भागात काम करायचं तर ते पाठच हवं. २०१२ च्या जुलैमध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात विदर्भातले अमरावती आणि गडचिरोली होते. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. पिवळ्या-केशरी रेशनकार्डांसोबत आपल्या अमरावती विभागातल्या आणि वर्ध्यातल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही तिनं घेतलं. पॅकेजमध्ये औषधं, ओटीचं सामान, जेवण, अगदी परतीचं एसटीभाडंही येतं. मग अशा रुग्णाच्या नावाने मेडिकलमधून धागा विकला गेला, की त्याच धाग्याचे पैसे दोन ठिकाणांहून येणार. आम्ही रुग्णाच्या मनगटी पट्ट्याचा नंबर बिलिंगला जोडला आणि योजनेचा रुग्ण असेल तर काउंटरवर बिल अडायचं. सगळ्यात जास्त उपयोग या एका ओळीच्या नियमाचा झाला. आरोग्यमित्राशी, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाशी, मैत्री ठेवा, नियम बदलले की सगळ्यात आधी त्याला कळतं.

नागपुरात आल्यावर महाग माल दिसला. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली: साध्या स्टेंटला ७,२६० रुपये, औषध लावलेल्याला २९,६०० रुपये, कर वेगळा. स्टेंटच्या डब्यातलं स्टिकर केसपेपरवर चिकटवून क्लेमसोबत जोडतात. स्टिकर कागदाचं आहे, ते कुठंही चिकटतं. म्हणून मी तीन गोष्टी शेजारी ठेवतो: खरेदीचं बिल, डबा कॅथलॅबच्या, म्हणजे स्टेंट बसवायच्या खोलीच्या, दारातून आत गेल्याची वेळ, आणि रुग्ण टेबलावर असल्याची वेळ. बहुतेकदा जुळतात. जिथं डबा रुग्णाच्या डिस्चार्जनंतर आत गेलेला दिसतो, तिथं फाइल बाजूला काढतो.

तरी टॅगवर फार भरवसा ठेवू नका. पाकीट फोडलं, वेष्टन रीडर लावलेल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं, की यंत्राच्या लेखी ते वापरलं गेलं. खरंच टाका घातला की टेबलावर तसंच राहिलं, हे त्याला कळत नाही. गरज नसताना केलेलं ऑपरेशन त्याला दिसत नाही. आणि भाव तर मुळीच नाही. २०१८ मध्ये औषधांच्या किमती ठरवणाऱ्या एनपीपीएने दिल्ली परिसरातल्या चार खाजगी हॉस्पिटलांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला. तो छापील किमतीच्या आतला होता. आमच्या यंत्राने तिथं हिरवा दिवाच दाखवला असता.

कोर्सबद्दल थोडक्यात. बीसीए, बीएस्सी, फार्मसीचा डीफार्म, नर्सिंगचा जीएनएम, कशावरूनही या कामात येता येतं. डीफार्मवाले लवकर तयार होतात कारण त्यांना माल ओळखता येतो. एक्सेल पक्कं हवं, एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, कामापुरती यायला हवी, आणि दोन याद्या एकमेकींशी ताडून फरक काढायची सवय हवी. रीडरचं बाकी व्हेंडर शिकवतो. माझा पहिला पगार ११ हजार होता, तेव्हा फार आशेने येऊ नका, पण दोन-तीन वर्षांनी विम्याच्या आणि क्लेमच्या कंपन्या विचारू लागतात. टॅगवर रुग्णाचं नाव कधीच लिहू नका, फक्त नंबर.

आणि अहवालात 'चोरी' हा शब्द लिहू नका. मी तो पहिल्या अहवालात लिहिला होता, काकांनी पेनाने खोडला. 'टॅग क्रमांक अमुक, ओटीच्या दारात या वेळी, काउंटरवर त्या वेळी' एवढंच लिहायचं. समोरचे विचारतात, कोणी केलं? तेव्हा परतीची वही पुढं सरकवायची.