थीसिस लिहिताय? मग या चुका टाळा

माझं सबमिशन झाल्यापासून दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी फाईल पाठवतं, "ताई, जरा नजर टाका ना, पुढच्या आठवड्यात द्यायचंय." उघडली की तीच पाच प्रकरणं आणि चुकाही त्याच.

सगळ्यात वैताग चौथ्या प्रकरणाचा. तक्ता 4.1 मध्ये 62 टक्के महिला, 38 टक्के पुरुष, आणि खाली परिच्छेद, "वरील तक्त्यावरून असे दिसून येते की 62 टक्के उत्तरदाते महिला असून 38 टक्के पुरुष आहेत." अरे, दिसतंय की! असे चाळीस तक्ते आणि चाळीस वेळा 'दिसून येते'. त्यापेक्षा तक्त्यात नाही ते लिहा. महिला जास्त का आल्या, तुम्ही दुपारी घरोघरी गेलात आणि पुरुष कामावर होते म्हणून का, आणि त्याने पुढची उत्तरं कुठे झुकली. ज्या तक्त्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही तो सरळ परिशिष्टात ढकला.

दुसरं म्हणजे उद्दिष्टं पाच आणि निष्कर्ष अकरा. सिनॉप्सिसमधली, म्हणजे सुरुवातीला दिलेल्या संशोधन आराखड्यातली, उद्दिष्टं पहिल्या प्रकरणात जशीच्या तशी पेस्ट होतात, मधे दोन-तीन वर्षं जातात, काम भलत्याच वाटेला लागलेलं असतं आणि कोणी मागे वळून बघत नाही. एक कागद घ्या, डावीकडे उद्दिष्ट, मधे प्रश्नावलीतल्या प्रश्नांचे नंबर, उजवीकडे तक्ता आणि निष्कर्ष. मी हे केलं तेव्हा माझ्या तिसऱ्या उद्दिष्टापुढे मधली जागा रिकामी! एकही प्रश्न विचारला नव्हता. घाबरत सरांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, दहा-बारा मुलाखती घे त्याच्यासाठी, अजून वेळ आहे. हे व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, कळलं असतं तर काय झालं असतं, नकोच तो विचार.

नमुना 384 का, म्हणजे 384 जणांनाच का विचारलं, असं म्हटलं की निम्मे गप्प. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या 1970च्या तक्त्यात दहा लाखांच्या समष्टीसाठी (ज्यांच्यातून नमुना निवडायचा ते सगळे) तो आकडा आहे. तुमच्या तालुक्यात बचत गटच 200 असतील तर त्याच तक्त्यात 132 सापडेल. आणि हे सगळं रँडम सॅम्पलिंग, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड, धरून आहे, व्हॉट्सॲपवर ओळखीच्यांकडून गूगल फॉर्म भरून घेतले असतील तर ते सरळ तसं लिहा, 384चा मुलामा देऊ नका.

साहित्याचा आढावा म्हणजे 'अमुक (2011) यांनी म्हटले आहे'ची माळ नव्हे, मुद्द्यांप्रमाणे गट करा, बस.

प्लेजियारिझमची, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर उचलल्याच्या आरोपाची, भीती मात्र उगाच चुकीच्या जागी असते. यूजीसीच्या 2018च्या नियमात दुसऱ्यांच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, 10 ते 40 असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्यायचं, 60च्या वर गेलं की रजिस्ट्रेशनच रद्द. संदर्भसूची आणि नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणं त्यात मोजत नाहीत. तरी लोक अवतरणं काढतात आणि शब्द बदलत बसतात, एकाने तर 'महिला सक्षमीकरण'चं 'स्त्रीवर्गाचे बळकटीकरण' केलं होतं. आणि थीसिस शोधगंगावर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढतो बरं का, कोणीही उघडून वाचू शकतं.

आता वर्डची रड. अनुक्रमणिका हाताने टाइप करू नका, शीर्षकांना हेडिंग स्टाइल द्या म्हणजे पान सरकलं तरी एका क्लिकमध्ये नंबर बदलतात. सुरुवातीची पानं रोमन आकड्यात आणि पुढची साधी हवी असतील तर मधे सेक्शन ब्रेक टाका आणि फूटरमधलं 'लिंक टू प्रीव्हियस' बंद करा, नाहीतर एक बदललं की दुसरं बदलतं आणि रात्री दोन वाजता रडायला येतं. जुनी प्रकरणं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर युनिकोडमध्ये आणल्यावर 'ऱ्या' आणि 'ष्ट्र' डोळ्यांनी तपासा, हमखास तिथेच मोडतं.

बाइंडिंगवाल्याला वर्ड फाईल नाही, पीडीएफ द्यायची. आणि कव्हरवरच्या सोनेरी अक्षरांचं प्रूफ स्वतः वाचा. माझ्या मैत्रिणीच्या पाचही प्रतींवर 'समाजिक' छापलंय.