कुणाला खो मिळत नाही, ते मोजा

गावातल्या शाळेमागच्या मोकळ्या जागेवर मी नऊ वर्षं रोज संध्याकाळी मुलांचा खो-खो घेते. पाचवीपासून दहावीपर्यंतची तीसेक मुलं-मुली येतात. ‘ताई, आमच्या वाडीतही सुरू करायचंय, मैदानाची मापं सांगा’ म्हणून आसपासच्या गावांतून फोन येतात. मापं सोपी आहेत. 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद, दोन टोकांना कमरेपेक्षा थोडे उंच खांब, मधे पाटी, म्हणजे एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत आखलेला अरुंद पट्टा, आणि तिच्यावर आठ चौकोन. आखायला फक्की. खांब घासून गुळगुळीत करून घ्या, नाहीतर वळताना तळहातात कुसळ जातं. पहिल्या दिवशी खडे मुलांकडूनच वेचून घ्या. एवढं झालं की मैदान तयार.

यानंतर एक दोनशेपानी वही घ्या. ती कशाला, ते नीट सांगते.

तिसऱ्या वर्षी वीटभट्टीवर कामाला आलेल्या कुटुंबातला एक मुलगा यायला लागला. पाटीवर आठ जण आळीपाळीने उलट दिशांना तोंड करून बसतात, पाठलाग करणारा मागून ‘खो’ देतो तेव्हाच उठायचं. हा सहाव्या चौकोनात बसायचा. हात जमिनीला टेकलेले, टाच उचललेली, मान अर्धी वळवलेली. पाठलाग करणारा जवळ आला की त्याचं अंग ताठ व्हायचं आणि खो पुढच्याला मिळायचा. एकाच आळीतली चार पोरं आपापसातच खो देत होती. मी मात्र पाय कुठे पडतात, खो उशिरा होतो का, हेच बघत राहिले. चार दिवसांनी तो यायचा बंद झाला. माझ्या लक्षात आलं तेव्हा भट्टीचा हंगाम संपून ते लोक गेलेही होते. ही चूक माझीच होती, आणि तिची सल आजही आहे.

तेव्हापासून सरावाच्या डावात बाहेर बसलेलं एक मूल वही घेऊन बसतं. ज्याला खो मिळेल त्याच्या नावापुढे रेघ. दोन डावांनंतर रेघा बघा. एखाद्याच्या नावापुढे कमी असल्या तर आधी त्याची जागा बदला, कारण कधीकधी खेळच तिकडे येत नाही. तरीही रेघा वाढल्या नाहीत तर तो उठायला जड आहे का बघा. बसून झटकन उठण्याचा सराव आठवडाभर त्याच्या जोडीला राहून घ्या. दोन्ही कारणं नसतील तर पोरं त्याला टाळतायत. अशा वेळी सगळ्यांसमोर रागावू नका. ‘ह्याच्यामुळे बोलणी बसली’ म्हणून ते त्याला आणखी लांब ठेवतात. त्यापेक्षा सरावापुरता नियम करा: आठही जणांना एकेक खो मिळाल्याशिवाय कुणालाही दुसरा नाही. सुरुवातीच्या व्यायामाच्या जोड्या दर सोमवारी चिठ्ठ्या टाकून बदला. नेहमीची चौकडी चार तुकड्यांत वाटून टाका. कुरकुर होईल, पण पंधरा दिवसांत थांबते.

थोरल्या मुलांबद्दल वेगळं सांगायला हवं. 2005 साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकेतल्या संशोधकांनी कुमारवयीन मुलांना आणि मोठ्यांना गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ दिला. मित्र शेजारी असले की मुलं जास्त धोका पत्करत. मोठ्यांमध्ये तसा फरक जवळजवळ दिसला नाही. मैदानावर हे मी रोज बघते. मित्र बघतायत म्हटल्यावर पोरगा असा सूर मारतो की गुडघा सोलून निघतो. ते धाडस तिथे खुशाल खर्च होऊ द्या. पण तीच पोरं खेळ सुटल्यावर एका मोटारसायकलवर तिघं बसतात. म्हणून दहावीच्या प्रत्येक मुलाकडे दोन लहान मुलं सोपवा, त्यांना चालत घरी पोचवायचं. लहानगं मूल बोट धरून असलं की तो गाडीवर बसत नाही.

मुली आठवीत गळतात. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक भारताच्या महिलांनी जिंकला, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. हे मी आयांना अभिमानाने सांगते. त्या कौतुकाने ऐकतात आणि म्हणतात, ‘ती वेगळी.’ शेजारची पोर येतेय म्हटल्यावर मात्र पाठवतात. म्हणून मुलींना एकेकटीला बोलावू नका, एका गल्लीतल्या दोघींना मिळून बोलवा. खेळ दिवेलागणीच्या आत संपवा. प्रथमोपचाराच्या पेटीत सॅनिटरी पॅड ठेवा, आणि ती पेटी एखाद्या थोरल्या मुलीच्या ताब्यात द्या.

खेळ संपला की लगेच घरी पिटाळू नका. गूळ-शेंगदाणे वाटा आणि वीस मिनिटं त्यांना पाटीवर बसू द्या. तुम्ही लांबच राहा, मैदान आवरत असल्यासारखं करा. गणितात नापास झाल्याचं घरी कसं सांगायचं, इथपासून सगळं तिथे बोललं जातं. मधे तोंड घालायचा मोह मला अजूनही होतो. आवरते. मात्र मारहाणीची किंवा तशीच गंभीर गोष्ट कानावर आली, तर त्या मुलाशी त्याच दिवशी एकटीने बोलते.

सध्या वही नववीतल्या एका मुलीकडे असते. सहावीत ती नवीन आली, तेव्हा पहिले दहा दिवस तिच्या नावापुढे जेमतेम दोन-तीन रेघा होत्या. परवा डाव सुटल्यावर तिने वही माझ्यापुढे धरली आणि एका नावावर बोट ठेवलं.

‘ताई, ह्याला आज एकच मिळाला. उद्या माझ्या शेजारी बसवू?’