कॉपर व्होल्टामीटर: मोजायचा करंट, पण सगळा खेळ वजनाचा

एफवायला फिजिक्स घेतलंय आणि हे प्रॅक्टिकल लागलंय, तर आधी नाव नीट वाचा, व्होल्टमीटर नाही, व्होल्टामीटर. मी पहिल्या दिवशी कपाटातून व्होल्टमीटर काढून आणला होता, लॅबमधले काका वर्षभर त्यावरून चिडवायचे.

तत्त्व सोपंय. मोरचुदाच्या पाण्यातून करंट सोडला की कॅथोडवर (निगेटिव्ह टोकाला जोडलेल्या प्लेटवर) तांबं चढतं, आणि किती चढणार ते किती चार्ज गेला त्यावर ठरतं, हे फॅरेडेने 1830 च्या दशकातच दाखवलं. म्हणून प्लेटचं वजन किती वाढलं त्यावरून करंट काढायचा. दर कुलोमला (चार्जचं एकक, 1 अँपिअर म्हणजे सेकंदाला 1 कुलोम) 0.0003294 ग्रॅम. म्हणजे 0.5 अँपिअर अर्धा तास सोडला तर 900 कुलोम, आणि तांबं किती तर जेमतेम 0.296 ग्रॅम! आता पाण्याचा एक थेंबच साधारण 0.05 ग्रॅम असतो, बघा काय होतं ते.

माझं तेच झालं. पहिल्यांदा 0.34 ग्रॅम आलं, हिशोबाने करंट 0.57, अँमीटरवर (करंट थेट दाखवणारा मीटर) मात्र 0.5. मी खुशाल जर्नलमध्ये लिहून टाकलं की अँमीटर खराब आहे. खराब कसला, प्लेट ओली होती. पुढच्या वेळी घाईत स्पिरिट लॅम्पवर धरली तर काळी पडली, म्हणजे तांब्याला ऑक्सिजन चिकटला आणि वजन परत जास्तच. तिसऱ्यांदा शहाणपण आलं, बीकरमधल्या पाण्यात हलकेच बुडवली (नळाखाली धरू नका, तांबं सुटतं), टिपकागद नुसता टेकवला, मग स्पिरिटमध्ये बुडवून हेअर ड्रायरच्या कोमट हवेत वाळवली. 0.291 ग्रॅम, करंट 0.49. जमलं.

रिओस्टॅट (करंट कमीजास्त करायचा रेझिस्टन्स) सेट करताना जुनी प्लेट लावा, घासून वजन केलेली चांगली प्लेट नंतर, आणि तिला कडेनेच धरायचं. जुन्या प्लेटवरच कळतं वायरी उलट्या लागल्यात का, माझ्या पार्टनरने हे टाळलं आणि अर्ध्या तासाने त्याची प्लेट हलकी झालेली. बुडलेल्या दर 50 चौरस सेंमीला 1 अँपिअरच्या वर जाऊ नका, नाहीतर तांबं भुकटीसारखं बसतं आणि धुताना गळतं.

व्हायवात मला विचारलं, हातात अँमीटर असताना हा खटाटोप कशाला? मी गप्प. उत्तर असं की अँमीटर बरोबर आहे हे तरी कशावरून ठरवणार? 1908 पासून 1948 पर्यंत अँपिअरची आंतरराष्ट्रीय व्याख्याच अशी होती की सेकंदाला 1.118 मिलिग्रॅम चांदी बसवणारा करंट. आणि एडिसनच्या कंपनीची सुरुवातीची वीजबिलं तर मीटरमधल्या जस्ताच्या प्लेटा काढून वजन करून बनायची, तिथेही कुणीतरी ओली प्लेट तोलली असेलच की!