हेडफोन बघून अ‍ॅम्प्लिफायरचे पार्ट बदला

सीमॉय पद्धतीचा (चू मॉय यांच्या, घरी जोडता येणाऱ्या सोप्या डिझाइनचा), ९ व्होल्ट बॅटरीवरचा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर तयार झाला की हात आधी आयसीकडे जातो. तो आवरा. आधी हेडफोनवरचा ओहमचा आकडा वाचा. २ व्होल्टला ३०० ओहमचा सेनहायझर एचडी ६०० जेमतेम ७ मिलिअँप ओढतो. ३२ ओहमचा ग्राडो ६२ मागतो आणि या अ‍ॅम्प्लिफायरमधला आयसी, ओपीए२१३४, साधारण ३५ वरच दमतो.

३०० ओहमला व्होल्टेज कमी पडतं, म्हणून दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावा. मात्र सप्लायचे कंडेन्सर १० व्होल्टचे असतील तर आधी २५ व्होल्टचे घाला. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो तो आकडा, ११ असतो (फीडबॅकचे रेझिस्टन्स १० के आणि १ के); तो तसाच राहू द्या.

३२ ओहमला खरी अडचण कृत्रिम ग्राउंडची, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज मधोमध विभागून केलेल्या शून्य बिंदूची असते. २२० मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर मिळून २० हर्ट्झला सुमारे १८ ओहम अडथळा करतात आणि हेडफोनच्या दोन्ही बाजू मिळून भरतात फक्त १६ ओहम! बास पातळ होतो, डावा-उजवा एकमेकांत मिसळतो. तिथे १००० मायक्रोफॅरडचे दोन टाका, अडथळा ४ ओहमवर येतो. आवाज वाढवल्यावर फाटत असेल तर प्रत्येक चॅनेलला बीयूएफ६३४ बफर (जास्त करंट देणारा आयसी) फीडबॅकच्या आत घ्या. आउटपुटला फीडबॅकबाहेर ४७ ओहमचा रेझिस्टन्स असेल तर तो काढा.

१६ ओहमच्या इअरफोनमध्ये गाणं बंद असतानाही सूं ऐकू येतं, कारण गेन जास्त आहे. १० केच्या जागी २ के लावा, गेन ३ होईल. मिरजेच्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग हळू आवाजात लावून तपासा. जवारीच्या बारीक झंकारामागे सूं लपत नाही. इथे ओपीए२२२८ मात्र नको: गेन ५ च्या खाली तो ऑसिलेट होतो, म्हणजे स्वतःच सिग्नल तयार करत राहतो, आयसी तापतो. त्याचा भाऊ ओपीए२२२७ चालतो.

आता आयसी. सांगलीत दुकानात ५५३२ मिळाला म्हणून २१३४ च्या बेसमध्ये तसाच खोचू नका. त्याचा इनपुट करंट २०० नॅनोअँपच्या आसपास असतो. इनपुटच्या १०० के रेझिस्टन्सवर २० मिलिव्होल्ट, गेन ११ ने २२० मिलिव्होल्ट डीसी (एकाच दिशेचं स्थिर व्होल्टेज) थेट हेडफोनवर. १०० के काढून २२ के, इनपुट कंडेन्सर ०.१ च्या जागी ०.४७ मायक्रोफॅरड आणि गेन ३ केला तर १३ मिलिव्होल्टवर येतं. शिवाय ५५३२ ला दोन बॅटऱ्याच द्या, एका ९ व्होल्टवर त्याचं पोट भरत नाही.

ऑनलाइन मागवलेला २१३४ नकली निघू शकतो. एलईडी सोडवून मल्टिमीटर बॅटरीच्या वायरीत सिरीजमध्ये लावा, हेडफोन नको. खरा आयसी ८ मिलिअँपच्या आसपास घेतो. ३ दिसले तर बहुधा टीएल०७२ वर नवीन नाव छापलंय.

प्रत्येक बदलानंतर हेडफोन लावण्याआधी आउटपुटचं डीसी मोजा. २० मिलिव्होल्टच्या वर असेल तर लावू नका.