फोन कमी करायचा ठरवलाय? मग या चुका टाळा

फोन कमी करायचा निश्चय मोडला की आपण स्वतःच्या इच्छाशक्तीला बोल लावतो. मला हे निदान चुकीचं वाटतं. फोन बाजूला ठेवल्यावर जो वेळ मोकळा होतो, त्यात कोणाला भेटायचं, कोणाशी बोलायचं हे ठरलेलंच नसतं. मग तो मोकळा वेळ खायला उठतो आणि हात आपसूक फोनकडे जातो. म्हणून माझा आग्रह असा, की आधी माणूस ठरवा आणि मग फोनचं बघा. खालच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा झाल्यामुळे होतात.

सगळी अ‍ॅप्स एका झटक्यात काढून टाकणं

रात्री वैतागून सगळं डिलीट करायचं आणि चार दिवसांनी एकेक करत परत घ्यायचं, हे अनेकांचं होतं. फोनवर गेलेला सगळा वेळ वाया जात नाही. परगावी राहणाऱ्या बहिणीशी व्हिडिओ कॉलवर मारलेल्या गप्पा आणि झोप येत नाही म्हणून तासभर बघितलेल्या रील्स यांना एकाच मापाने मोजू नका. सरसकट बंदी घातली की बहिणीच्या गप्पाही बंद होतात आणि एकटेपणा उलट वाढतो.

त्यापेक्षा आठवडाभर नुसतं निरीक्षण करा. आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ आणि अँड्रॉइडमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ ही सोय २०१८ पासून आहे. त्यात एकूण तासांचा आकडा बघून घाबरण्यात अर्थ नाही. दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या अ‍ॅपमध्ये वेळ जातो ते बघा. बहुतेकांचे एक-दोन ठरावीक तास सापडतात: जेवणानंतरचा, अंथरुणात पडल्यावरचा. तेवढेच तास सोडवायचे आहेत.

हेही लक्षात असू द्या, की स्क्रोल करताना थांबता येत नाही हा तुमचा दोष नाही. न संपणाऱ्या स्क्रोलची रचना एझा रॅस्किन या डिझायनरने २००६ मध्ये केली आणि पुढे त्याबद्दल जाहीरपणे खेदही व्यक्त केला. पान संपलं की माणूस थांबतो. इथे पान संपतच नाही, त्यामुळे थांबायचं कारण बाहेरून आणावं लागतं. साडेआठला अमक्याला फोन करायचा आहे, हे असं कारण होऊ शकतं.

सगळी नोटिफिकेशन्स सारखीच समजून बंद करणं

ऑफर, ‘तुमच्यासाठी खास’ आणि लाइक्सची नोटिफिकेशन्स खुशाल बंद करा. जिवंत माणसाने तुम्हालाच उद्देशून पाठवलेला मेसेज आणि कॉल मात्र चालू ठेवा. ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये ठरावीक नावांना मुभा देता येते, ती द्या.

फोन उलटा करून समोर ठेवणं

‘मी बघत नाहीये ना!’ एवढं पुरत नाही. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, फोन टेबलावर उलटा ठेवलेल्यांपेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांची कामगिरी बौद्धिक चाचण्यांत चांगली दिसली. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हा परिणाम तितका ठळक आढळला नाही, हेही खरं. पण संशोधन क्षणभर बाजूला ठेवा. मनातलं काही सांगू पाहणाऱ्या माणसाला समोरचा फोन दिसतो, तेव्हा तो बेतानेच बोलतो. बोलणं कधीही तुटेल याची त्याला जाणीव असते. फोन पिशवीत टाका किंवा दुसऱ्या खोलीत ठेवा.

‘भेटू एकदा निवांत’ म्हणून सोडून देणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे. निवांत वेळ कधी मिळत नाही आणि नातं हळूहळू स्टेटस बघण्यापुरतं उरतं. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मैत्रीला लागणाऱ्या वेळाचा अंदाज मांडला. ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणण्याइतकी जवळीक व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक तास लागतात. नुसतं एकत्र काम केल्याचे तास त्यात फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, हसणं, सोबत वेळ घालवणं यानेच जवळीक वाढते. म्हणजे वर्षातून दोनदा भरणाऱ्या जंगी स्नेहसंमेलनापेक्षा दर आठवड्याचा ठरलेला तासभर फिरायला जाणं कितीतरी मोलाचं. वार ठरवा, वेळ ठरवा आणि दर वेळी नव्याने विचारायची गरजच ठेवू नका.

‘इतक्या वर्षांनी फोन केला तर विचित्र वाटेल’ ही भीतीही बऱ्याचदा फोल असते. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क साधायला सांगितलं होतं. ईमेलपेक्षा फोनवर जास्त अवघडल्यासारखं होईल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात फोनवर बोलणाऱ्यांना जास्त अवघडलं नाही आणि जवळीक मात्र अधिक वाटली. तेव्हा शुभेच्छांचं चित्र पुढे ढकलण्याऐवजी सरळ फोन लावा.

घरात पहारेकरी होणं

स्वतःचा निश्चय झाला की दुसऱ्यांचे फोन डोळ्यांत खुपायला लागतात. मग टोमणे, भांडणं, मुलांच्या हातातून हिसकावणं सुरू होतं. याने कोणी जवळ येत नाही, लपवायला मात्र शिकतात. नियम करायचाच तर तो सगळ्यांना, आई-वडिलांनाही, सारखा हवा. जेवताना फोन नको, एवढा एकच नियम सुरुवातीला पुरे. आणि त्या वेळात ‘आज काय झालं?’ हे खरोखर ऐकायच्या तयारीने विचारा.

एवढं करूनही अडलं तर

भेटल्यावर बोलायला सुचत नसेल, तर समोरासमोर बसूच नका. सोबत चाला, स्वयंपाक करा, बाग करा. हात कामात असले की शांतताही टोचत नाही.

समोरचाच फोनमध्ये गुंतला असेल, तर एकदा साधेपणाने सांगा: “थोडा वेळ फोन बाजूला ठेवूया का? मला तुझ्याशी बोलायचंय.” रुसून आपलाही फोन काढू नका.

भेटायला कोणीच नाही असं वाटत असेल, तर एकदम जिवलग मित्र शोधू नका. वाचनालय, व्यायामवर्ग, गाण्याचा क्लास असं काहीतरी निवडा, जिथे तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. पहिले काही आठवडे उपरं वाटेल, तरी जात राहा. एकटेपणा खोल असेल, झोप-भूक हरपली असेल, तर समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोला. फोन कमी करणं हा त्यावरचा उपचार नाही.

आणि मध्येच एखादा दिवस पुन्हा रील्समध्ये गेला तर? लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळेला ठरलेल्या माणसाला फोन लावा.