लहान धंद्यातल्या सवलती: कशा शोधाव्यात, कशा चालवाव्यात

दहा-पंधरा माणसांच्या धंद्यात सवलत म्हटली की मालकाला दोनच गोष्टी आठवतात: दिवाळीला मिठाईचा पुडा आणि वर्षातून एकदा सहल. दोन्हींत वाईट काही नाही. पण सोमवारी दांडी मारणारा माणूस त्यामुळे कामावर यायला लागत नाही. सवलत लागू पडते ती कुणाची तरी ठरावीक अडचण वेळेवर सुटते म्हणून, आणि ती अडचण बहुधा मालकाला ठाऊकच नसते. म्हणून आधी शोध, मग हिशेब, मग नियम, याच क्रमाने जावं. उदाहरणासाठी १२ माणसांचा फरसाणाचा कारखाना आणि त्याला जोडलेलं दुकान धरू. सरासरी पगार ₹१६,०००, म्हणजे महिन्याचा पगारखर्च ₹१,९२,०००.

आधी जे सवलत नाही ते

पगार ७ तारखेच्या आत देणं, आठवड्याची सुट्टी, जादा कामाचे दुप्पट दराने पैसे, प्यायचं पाणी, कडी लागणारं स्वच्छतागृह: हे सगळं देणं आहे, मेहेरबानी नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आणि ८ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या, उरलेल्या चार आपसात ठरवायच्या. ईएसआयसी, म्हणजे कर्मचाऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, १० माणसांपासून लागू होतं. ₹२१,००० पर्यंतच्या पगारावर मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. आपल्या माणसांच्या संख्येला नेमकं काय काय लागू आहे हे कामगार सल्लागाराकडून एकदा तपासून घ्या, कारण या अटी बदलत असतात.

हे पूर्ण नसताना वाढदिवसाला केक कापला तर माणसं केक खातात आणि मागे हसतात.

मस्टर घेऊन बसा

गेल्या १२ महिन्यांचं हजेरी मस्टर काढा. प्रत्येक गैरहजेरीवर लाल खूण, अर्ध्या तासापेक्षा जास्त उशिरावर निळी. तासाभराचं काम आहे, पण कुणाला विचारण्याआधी ते करा. खुणा सारख्या पसरलेल्या नसतात. जूनमध्ये शाळा आणि पेरणी, मग गणपती, गावची जत्रा, लग्नसराई, पगारानंतरचा सोमवार, असे त्यांचे पुंजके दिसतात. निळ्या खुणा बऱ्याचदा दोन-तीन माणसांच्याच नावावर असतात आणि त्यांची वेळही रोज तीच असते. तिथे आळस नसतो. नळाला पाणी येण्याची वेळ, मुलाच्या शाळेची घंटा किंवा एसटीची फेरी असते.

मग एकेकाशी दहा मिनिटं बोला. “तुम्हाला काय हवंय?” असं विचारू नका. त्याला दोनच उत्तरं येतात, “पगार वाढवा” किंवा “काही नाही साहेब, बरं चाललंय”. त्याऐवजी घडलेलं विचारा. गेल्या महिन्यात कुठल्या दिवशी यायला जड गेलं? त्या दिवशी काय झालं होतं? वर्षातल्या कुठल्या महिन्यात पैसे सगळ्यात कमी पडतात? एका दिवसात पूर्ण झालं असतं असं कुठलं काम अर्धवट राहिलंय: आधार, रेशन कार्ड, बँक? उत्तरं वहीत लिहा, पण माणसांसमोर नको. नंतर एकट्याने बसून.

चिठ्ठ्यांची बैठक

अडचणी कळल्या की उपाय मालकानेच सुचवायचे, अशी सवय असते. ती मोडावी लागते. बैठकीत मोठ्याने मतं मागितली की जुना कारागीर बोलतो आणि नव्या मुली गप्प बसतात. यावर लिहिण्याची पद्धत चांगली. जर्मनीत बर्न्ड रोरबाख यांनी १९६८ मध्ये मांडलेली पद्धत अशी: सहा माणसं, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं, मग कागद शेजारच्याकडे सरकवायचा, त्याने आधीचं वाचून आपल्या तीन लिहायच्या. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, १०८ ओळी जमतात. सगळ्याच कामाच्या नसतात, निम्म्या एकमेकींच्या बहिणी असतात. तरी चालतं.

फरसाणाच्या कारखान्यात ती थोडी वाकवावी लागते. दोन-दोनच्या सहा जोड्या करा. एक बोलेल, एक लिहील, म्हणजे लिहिण्याचा संकोच असणाराही मागे राहत नाही. वेळ कामाच्या तासांतली, दुपारच्या चहाला जोडून, ४५ मिनिटं. कढई बंद असलेला दिवस निवडा, नाहीतर तळणारा माणूस दाराकडेच बघत राहतो. प्रश्न एकच, तोही फळ्यावर: “तेल बदलण्याच्या दिवशी सगळ्यांना उशीर होतो, काय करता येईल?” किंवा “महिन्याला ₹५०० मध्ये जेवणाची सुट्टी कशी सुधारता येईल?” रक्कम लिहिली की विचार धावायला लागतो, “काहीही सुचवा” म्हटलं की थांबतो. गाडी अडली तर प्रश्न उलटा करा: “माणसं इथून महिन्यात पळून जावीत म्हणून काय काय करावं?” यावर हशा पिकतो, आणि खऱ्या तक्रारी त्याच हशातून बाहेर पडतात.

मालकाने आणि सुपरवायझरने या वेळात बाहेर थांबावं. शेवटी चिठ्ठ्या भिंतीवर लावून प्रत्येकाला तीन चिंचोके द्या, आवडलेल्या चिठ्ठीखालच्या वाटीत टाकायला. शेंगदाणे देऊ नका, मतं खाल्ली जातात.

पैशांची चौकट

सवलतींसाठी पगारखर्चाच्या अडीच टक्क्यांपासून सुरुवात करावी. आपल्या उदाहरणात ते महिन्याला ₹४,८०० होतात. आकडा आधी ठरलेला असला की आवडलं म्हणून सुरू केलं आणि सहा महिन्यांनी बंद केलं, असं होत नाही.

“फुकट” वाटणाऱ्या सवलतीचाही हिशेब मांडा. तासाभराच्या रजेचं उदाहरण घ्या. महिन्याला प्रत्येकी ४ तास, एकेक तास तोडून, बँक-रेशन-शाळेसाठी, पगार न कापता. ₹१६,००० भागिले २६ दिवस म्हणजे रोज साधारण ₹६१५, तासाला ₹७७. बाराही जणांनी सगळे तास घेतले तर ४८ तास, म्हणजे ₹३,६९६. चौकटीतला बहुतेक पैसा इथेच संपला. तरीही ही सवलत पहिल्या क्रमांकाची आहे, कारण बँकेतल्या अर्ध्या तासाच्या कामासाठी जो पूर्ण दिवस बुडवत होता, तो आता एकच तास घेतो. बुडणारे सात तास तुमचे वाचतात. अट एकच: आदल्या दिवशी सांगायचं आणि एका वेळी एका विभागातून एकच माणूस. ही अट नसेल तर शनिवारी दुपारी काउंटर रिकामा दिसेल.

कुठे खर्च करावा, कुठे फसगत होते

डबा गरम करण्याची सोय बहुतेक ठिकाणी मागितली जाते आणि मालक मायक्रोवेव्ह आणून ठेवतो. तो महिन्याभरात धूळ खातो. कारण साधं आहे: आपल्याकडचे डबे स्टीलचे, आणि स्टील मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही. शिवाय एका डब्याला तीन मिनिटं धरली तर बारा डब्यांना ३६ मिनिटं लागतात, जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यापेक्षा मोदकपात्रासारखं रुंद, जाळीचं भांडं घ्या. तळाशी दोन इंच पाणी, वर डबे, मंद आचेवर २० मिनिटं. सगळे एकदम गरम होतात. झाकणं सैल करून ठेवायची, विशेषतः रबर असलेली. घट्ट झाकण आतल्या वाफेने उडतं, नाहीतर निवल्यावर असं बसतं की उघडायला दोघं लागतात. गॅस कुणी पेटवायचा हे आठवड्याच्या पाळीने ठरवा, नाहीतर ते काम सगळ्यात नव्या मुलीच्या गळ्यात पडतं.

दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्यांना उंच स्टूल द्या. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या माणसांना बसायची सोय कायद्यानेच सक्तीची केली. कायद्याची वाट बघण्याइतकी ही वस्तू महाग नाही. मात्र “गिऱ्हाईक नसताना बसा” असं मालकाने स्वतः चारचौघांत सांगावं. न सांगता ठेवलेल्या स्टुलावर कुणी बसत नाही.

बाहेरगावच्या माणसांसाठी शून्य खर्चाची एक गोष्ट आहे. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस आधी उघडायचं. म्हणून दिवाळीच्या किंवा छठच्या सुट्टीच्या तारखा ७० दिवस आधी कागदावर लावा. फरसाणवाल्यांना दिवाळीआधी कुणालाच सोडता येत नाही हे खरं, पण “कोण आधी, कोण नंतर” हे दहा आठवडे आधी ठरलं तर तिकीट मिळतं. तिकीट मिळालेला माणूस परतीचंही काढून जातो. बोनसही दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी न देता १५ दिवस आधी द्या. रक्कम तीच, पण घरचा बाजार उधारीवर होत नाही.

विमा: ईएसआयसी असो वा नसो, केंद्र सरकारच्या दोन योजना घ्याव्यात. जीवनज्योती वर्षाला ₹४३६ (वय १८ ते ५०) आणि सुरक्षा वर्षाला ₹२० (वय १८ ते ७०). पहिलीत कुठल्याही कारणाने मृत्यू झाल्यास, दुसरीत अपघाती मृत्यूसाठी ₹२ लाख. दोन्ही मिळून ₹४५६, बारा जणांचे ₹५,४७२. हप्ता कामगाराच्या स्वतःच्या बँक खात्यातून मे अखेरीस कापला जातो. त्या दिवशी खात्यात पैसे नसले तर विमा संपतो आणि कुणाला कळतही नाही. म्हणून २० मेच्या सुमाराला ₹४५६ प्रत्येकाच्या खात्यात टाका आणि जूनमध्ये पासबुकातली नोंद बघा. वारसाचं नावही तेव्हाच तपासा. लग्नानंतर ते बदललेलं नसतं.

जूनमध्ये मुलांच्या वह्या घाऊक घेऊन देणं सगळ्यांना आवडतं, फक्त ज्यांना मुलं नाहीत ते गप्प होतात. त्यांना तेवढ्याच रकमेचा किराणा किंवा छत्री-रेनकोट निवडू द्या.

उचल

ही सवलत प्रत्येक धंद्यात असतेच, पण मालकाच्या मूडवर. इथे फक्त नियम आणायचा आहे. त्या दिवसापर्यंत कमावलेल्या पगाराच्या निम्म्यापर्यंत, बिनव्याजी, त्याच महिन्यात वळती. १५ तारखेला साधारण ₹८,००० कमावलेले असतात, तर ₹४,००० मिळतील. कारण विचारायचं नाही. मंगळवार आणि शुक्रवारी, आतल्या खोलीत, वहीत सही घेऊन. आजारपण, लग्न अशा मोठ्या रकमेसाठी वेगळी वही: जास्तीत जास्त एक पगार, सहा हप्ते, आणि आधीची फिटल्याशिवाय दुसरी नाही. दोन्ही वह्यांची मिळून बाकी महिन्याच्या पगारखर्चाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा, आपल्या उदाहरणात ₹४८,००० पेक्षा, वर जाऊ देऊ नये. चार महिने ओळीने तोच माणूस निम्मा पगार आधी उचलतोय असं दिसलं, तर घरी कुठलं तरी कर्ज आहे. तेव्हा उचल वाढवण्याऐवजी बसून बोलावं.

कामातल्या कल्पनांसाठी वही

टोयोटाने कामगारांच्या सूचनांची पद्धत १९५१ मध्ये सुरू केली. लहान धंद्यात तिची नक्कल म्हणून कुलूपबंद पेटी लावतात आणि त्यात चॉकलेटचे कागद निघतात. पेटीऐवजी चहाच्या जागी दोरीला वही टांगा. रकाने चार: सूचना, नाव, उत्तर, तारीख. उत्तर सात दिवसांत, आणि “नाही” असेल तर कारणासह. अमलात आलेल्या सूचनेला ठरलेली रक्कम, समजा ₹३००. “वाचलेल्या पैशाचे दहा टक्के” असं कधीही जाहीर करू नका. किती वाचले यावरून भांडण लागतं आणि दोष सूचना देणाऱ्याकडे जातो.

सगळ्यात मोठी चूक याच्यापुढे होते. पॅकिंगच्या टेबलाची जागा बदलून कुणी रोजचा अर्धा तास वाचवला, आणि मालकाने दुसऱ्या दिवशी ४० पुडे जास्त मागितले. वहीतली ती शेवटची सूचना ठरते. वाचलेल्या वेळेतला निम्मा तरी पहिले तीन महिने माणसांना द्या: १५ मिनिटं लवकर सुट्टी, किंवा शनिवारी एकदम. वर दिलेल्या तासाभराच्या रजेचा खर्चही असाच भरून निघतो.

एका पानावर नियम, तीन महिने प्रयोग

प्रत्येक सवलत एका कागदावर, मराठीत आणि गरज असेल तर हिंदीत: कुणाला, किती, कधी, कुणाला सांगायचं, आणि “३० सप्टेंबरपर्यंत प्रयोग” अशी तारीख. मालक गावाला गेला तरी चालेल इतकी ती साधी हवी. एकाच वेळी दोनपेक्षा जास्त सुरू करू नका, नाहीतर कशाने काय बदललं ते कळत नाही. आणि चांगल्या कारागिराला गुपचूप वेगळं काही देऊ नका. बारा माणसांत गुपित संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

तीन महिन्यांनी तेच मस्टर काढा. गैरहजेरीचे दिवस, उशीर आणि रुजू झाल्यापासून ९० दिवसांत सोडून गेलेले, एवढे तीन आकडे पुरतात. तुलना मागच्या महिन्याशी नको, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करा. जून आणि ऑगस्ट यांची तुलनाच होत नाही. बारा माणसांत एकाला डेंग्यू झाला तरी आकडा हलतो, म्हणून मोठं आजारपण वेगळं काढून मोजा.

सवलत बंद करायची झाली तर महिनाभर आधी, कारण आणि आकडा दाखवून सांगा. चहासोबतचं बिस्किट न सांगता बंद झालं की त्याची चर्चा सहा महिने चालते. वाचलेली रक्कम चौकटीतच ठेवा आणि पुढच्या चिठ्ठ्यांच्या बैठकीत फळ्यावर तीच लिहा.